पाठ टेकण्याचं काम

आई अगरबत्त्या वळायची. समोर पाट, पाटावर काळा मसाला, बाजूला बांबूच्या काड्यांची जुडी, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिचा तळवा त्या पाटावर पुढे-मागे, पुढे-मागे. बळेपेठेच्या मागच्या गल्लीत आमची एकच खोली. त्यामुळे तो मसाला भातात यायचा, पांघरुणात यायचा, माझ्या पुस्तकांच्या पानांत यायचा. पाहुणे म्हणत, तुमच्याकडे देवळात आल्यासारखं वाटतं. आम्हाला त्या वासाने मळमळायचं.

अप्पा कापसाच्या गिरणीत पिंजण खात्यात होते. तिथे हवेत कापूस तरंगतो. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या भुवया पांढऱ्या असत, नाकातले केस पांढरे असत. माझी दोन धाकटी भावंडं तापाने गेली त्या सुमाराला त्यांना खोकला लागला, आणि तो पुन्हा कधी थांबला नाही. छातीत कापूस भरला, असं गल्लीत म्हणत. डॉक्टरांनी वेगळं काहीतरी नाव सांगितलं होतं, पण मला गल्लीचंच खरं वाटतं.

आमचे लोक तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर या गावात आले आणि इथलेच झाले. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड. त्यातले काही वकील झाले, काही सरकारी कचेऱ्यांत गेले. आम्ही त्यांतले नव्हतो. समाजातल्या लग्नांत ते लोडाला टेकून बसत आणि आम्ही वाढायला असायचो. याचं मला तेव्हाही रडू आलं नाही आणि आताही येत नाही. होतं तसं सांगतो.

गिरणीत पिंजण खात्याच्या टोकाला काचेची एक खोली होती. तिचं दार कायम बंद असायचं आणि आत कारकून बसत. मी एकदा डबा द्यायला गेलो असताना अप्पा मला म्हणाले, "ते बघ. आत बसणाऱ्याला खोकला नसतो."

"आत बसायला काय लागतं, अप्पा?"

"शिकायला लागतं."

माझ्या शिक्षणामागे याहून मोठं कारण कधीच नव्हतं.

पण खोकल्याच्या आधी अप्पा पैलवान होते. आमच्याकडे तालमीला गरडी म्हणतात. आमची गरडी तळ्याच्या वाटेवर होती. ठेंगणं कौलारू घर, आत मारुती, मधोमध तांबड्या मातीचा हौद. अप्पांच्या पाठीला त्या मातीत कुणी माती लावली नाही, असं जुने लोक सांगत. मलाही त्यांनी दूध सुटल्याबरोबर तिथे नेऊन टाकलं म्हटलं तरी चालेल. पहाटे बनशंकरीच्या देवळापर्यंत पळत जायचं, तिथे तेव्हा झाडी आणि शेतंच होती, पळत परत यायचं आणि हौदात उतरायचं.

वस्ताद म्हातारे होते, बोलायला तिखट. डावपेच ते सगळ्यांनाच शिकवत. कमान मात्र कुणाला सोडू देत नसत. डोकं मातीत, टाचा मातीत, आणि मधलं सगळं अंग हवेत. खांदे जमिनीला लागता कामा नयेत. आम्ही अशी कमान धरायची आणि वस्ताद आमच्याच पोटावर बसून निवांत पान लावायचे. चुना मागायचे, सुपारी कातरायचे. कुणी कण्हलं की म्हणायचे, "काय रे, खुर्ची बोलायला लागली?"

"पाठ लागली की माणूस संपला," हे त्यांचं रोजचं. "डोकं फुटलं तर फुटू दे. मान गेली तर जाऊ दे. पाठ नाही."

हे त्यांनी आमच्या अंगात इतकं मुरवलं होतं की आई सांगायची, मी झोपेतही कमान करतो. पांघरूण ओढायला गेली की मी डोक्यावर उभा.

मी एस.एस.एल.सी. म्हणजे मॅट्रिक झालो, इंटरला गेलो, आणि त्याच वर्षी गिरणीने अप्पांना घरी बसवलं. कॉलेज सुटणार हे आम्हा तिघांनाही कळत होतं. बाहेर कन्नड भाषेचं नवं राज्य झाल्याच्या मिरवणुका निघत होत्या आणि आमच्या खोलीत अप्पा भिंतीला टेकून श्वास घेत होते.

तेव्हा गावात फ्रीस्टाईल आली. दोरखंडांचा चौकोन, लाकडी फळ्या, त्यावर काथ्याच्या गाद्या आणि गाद्यांवर ताणलेली ताडपत्री. भिंतीभिंतीवर राक्षसासारख्या पैलवानांची चित्रं लागली. मुंबईचा एक कंत्राटदार ती कंपनी घेऊन गावोगाव फिरायचा, आणि प्रत्येक गावात त्याला तिथली चार माणसं लागायची. तो आमच्या गरडीतही आला. चपला घालूनच आत आला. वस्तादांनी त्याचं बोलणं पुरतं ऐकलंही नाही. "इथे मातीची माणसं आहेत, गादीची नाहीत," म्हणाले आणि दार दाखवलं.

मी लंगोटावरच त्याच्या मागून रस्त्यावर गेलो.

त्याने मला खालून वर पाहिलं. "कोल्हापूरचा आहेस?"

"नाही. इथलाच."

"मराठी बोलतोस ना? मग कोल्हापूरचा." मी कोल्हापूर आजतागायत पाहिलेलं नाही. "एकच अट आहे, पैलवान. कुस्ती हरायची."

"कुणाशी?"

"मी लावीन त्याच्याशी. रागावलास काय? जिंकणारे मला हवे तेवढे मिळतात. नीट हरणारा मिळत नाही."

मी हो म्हटलं. लाज वाटली की नाही असं मला पुढे कित्येकांनी विचारलं. कॉलेजची फी भरायची मुदत जवळ आली होती. लाज नंतर वाटली, सवडीने.

पडायचं कसं हे मला शिकवलं ते दंडूतल्या एका माणसाने. दंडू म्हणजे गावाचा पूर्वेकडचा लष्करी भाग, कँटोनमेंट. हा तिथला तमिळ माणूस, पूर्वी पलटणीत कसरत शिकवायचा, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा आणि दाराएवढा रुंद. माझ्यासारखाच सुटा पैलवान. म्हणजे कंपनीच्या पगारावर नाही; बोलावलं तर जायचं, मोडलं तर आपलं आपण जोडायचं. तो मला तंबी म्हणायचा, म्हणजे धाकटा भाऊ; मी त्याला अण्णा. आमची भाषा मोडकी कन्नड.

"पाठीवर पड, तंबी. हनुवटी छातीला लाव. श्वास सोडून दे आणि हात जोराने आपट. आवाज मोठा, मार स्वल्प."

मी पडायचो, आणि जमीन जवळ आली की माझी मान आपोआप मागे वळायची, टाचा रुतायच्या, अंग वर उठायचं. कमान.

"हे काय?"

"होतंय आपोआप."

"अरे, मी तुला झोपायला सांगतोय, पूल बांधायला नाही. ही मान कुणी केली तुझी? गवंड्याने?"

पहिल्या खेळात तेच झालं. अण्णाने मला उचलून आपटलं, पंच खाली वाकून मोजायला लागला, आणि माझे खांदे काही टेकेनात. लोकांना वाटलं कोल्हापूरवाला झुंज देतोय. शिट्ट्या सुरू झाल्या. कंत्राटदार गाद्यांच्या कडेला येऊन दात दाबून ओरडत होता, "टेक! अरे टेक!" मागून कुणीतरी कन्नडमध्ये म्हणालं, "त्याला जमीन सापडत नाहीये, दाखवा रे कुणीतरी." शेवटी अण्णाने माझ्या कपाळावर हात ठेवून मला हळूच खाली दाबलं, आजारी माणसाला निजवतात तसं. माझी पाठ टेकली. आयुष्यात पहिल्यांदा, चारचौघांत.

दसऱ्याच्या आधी आमच्या गरडीत हौद खणून माती नवी करायचे. त्या दिवशी प्रत्येकाने घरून तांब्याभर ताक न्यायचं, वस्तादांनी ते आपल्या हाताने घेऊन मातीत ओतायचं. ज्याचं ताक मातीत गेलं त्याची ती माती, वर्षभर. मी आईकडून तांब्या भरून घेतला आणि रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली. वस्तादांनी माझ्या मागच्याच्या हातातला तांब्या घेतला. मी बाजूला होईना तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारलं, "कुणाचं ताक आहे हे? इथलं कुणी आहे का?" रांग आपापल्या तांब्यात पाहत राहिली. माझ्याबरोबर वाढलेले सगळे तिथे होते.

मी तांब्या घरी आणला. आईने त्याची कढी केली. जेवताना अप्पांनी विचारलं, "पाठ टेकतोस म्हणे."

"होय."

"कॉलेजात जातोस?"

"रोज जातो."

त्यांनी कढी संपवली, हात धुतला. "सरी," म्हणाले. म्हणजे ठीक आहे. त्यानंतर अप्पांनी कुस्ती हा शब्द माझ्यापाशी काढला नाही.

मग दोन-अडीच वर्षं मी पडत राहिलो. तुमकूर, कोलार, दावणगेरे, चित्रदुर्ग. कुठे मी कोल्हापूरचा, कुठे इराणचा, एका जत्रेत तर तोंडाला फडकं बांधून आणखी कुठला तरी. पिशवीत लंगोट, बूट, आयोडीनची बाटली आणि अर्थशास्त्राचं पुस्तक. येणाऱ्या-जाणाऱ्या बसमध्ये मी अभ्यास केला. पडायलाही शिकलो, शिकलो म्हणजे प्रत्येक वेळी अंगाला समजावायला शिकलो. हवेत असताना मनात घोकायचो: हनुवटी, श्वास, हात. एवढं घोकलं की पाठ टेकायची. एकदा जरी घोकायचं राहिलं, की मान मागे.

खोटी कुस्ती म्हणून लोक हसतात. फळ्या खोट्या नसतात. माझा डावा कान फुटून कोबीसारखा झाला, गुडघ्यात पाणी झालं, पुढचे दात गेले. पगारी पैलवान खाली पडला की त्याला कंपनी उचलायची. आम्हा सुट्यांना आम्हीच. एका गावी माझा खांदा निखळला, तो अण्णाने बसस्टँडच्या बाकावर पाय देऊन बसवला आणि वर म्हणाला, "ओरडू नको तंबी, लोकांना खेळ वाटेल, तिकीट मागतील."

कॉलेजातल्या पोरांना कळायला वेळ लागला नाही. चांगल्या घरची, इस्त्रीच्या शर्टांतली पोरं. "काय पैलवान, या रविवारी कुठे पडणार?"

"तुझ्या घराजवळच," मी म्हणायचो. "ये. पण तिकीट काढून ये. तुझ्या वडिलांना फुकट आवडत नाही असं ऐकलंय."

बी.ए.चं शेवटचं वर्ष आलं. अप्पांना आता पाठीला उशा लावून बसवूनच ठेवावं लागायचं. आडवे झाले की गुदमरायचे. गुडघ्याकडे पाहून मला कळत होतं की माझं अंगही फार दिवसांचं नाही. परीक्षेपर्यंत टिकायचं, एवढाच हिशेब होता. अण्णाला मी तो सांगितला होता.

"परीक्षा कधी?"

"मार्चमध्ये."

"तोवर माझ्याशीच लढ. मी कंत्राटदाराशी बोलतो. त्या नव्या पोरांच्या हाती लागू नको, त्यांना उडी मारता येते, उतरता येत नाही."

आणि खरंच, तो दर खेळाला माझ्याचसमोर उभा राहायला लागला. त्याची एक उडी प्रसिद्ध होती. मला पाडायचं, स्वतः दुसऱ्या दोरावर चढायचं आणि तिथून माझ्यावर झेप घ्यायची. बघणाऱ्याला वाटे माणूस मेला. त्याचे गुडघे आणि कोपर माझ्या दोन्ही बाजूंना गादीत जात; मला फक्त सपाट पडून राहायचं असे. या उडीने मला कधी ओरखडाही आला नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी, आमच्याच गावात, मोठा खेळ होता. आदला आठवडाभर अप्पांच्या खोकल्यातून रक्त येत होतं आणि मी व आई आळीपाळीने त्यांना धरून बसत होतो. मी गादीवर पडलो तेव्हा पडलोय हेही मला नीट कळलं नाही. वर पांढरं ऊन होतं. अण्णा दोरावर चढताना मी पाहिला. घोकायचं राहिलं. पाठ टेकलेली होती, लोक ओरडत होते, आणि माझ्या अंगाने लहानपणी शिकलेली गोष्ट केली. डोकं रुतलं, टाचा रुतल्या, पोट वर आलं.

तो हवेतच होता. त्याने मला पाहिलं, त्याच्या तोंडातून काहीतरी तमिळ शब्द निघाला, पण हवेत माणूस वळणार कसा? तो त्या कमानीवर उतरला.

आवाज झाला तो मी आतून ऐकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सरकारी दवाखान्यात मानेला प्लास्टर घातलं. पाय शाबूत होते, डावा हात शाबूत होता. उजवा हात खांद्यापासून बधिर. चिमटा काढला तरी तो दुसऱ्याच कुणाचा तरी हात होता. कंत्राटदार भेटायला आला नाही. त्याच आठवड्यात कंपनी मद्रासकडे गेली.

अण्णा आमच्या दाराशी आला तेव्हा आत येईना. एवढा थोरला देह, चौकटीबाहेर उभा राहून रडत होता. आईने त्याला पूर्वी पाहिलेलं नव्हतं. "हाच का तो?" तिने मला विचारलं. मी डोळ्यांनीच हो म्हटलं. मान हलत नव्हती. तिने त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "आत ये. तिथे उभा राहून माझा उजेड अडवतोस. बस. पाय आवर, मसाल्यात पडतील." त्याला तिचं मराठी कळलं नाही, पण तो बसला. मग तो रोज यायला लागला. अप्पांना उचलून बसवायचा, पाणी भरायचा.

वस्ताद आले ते महिन्याभराने. हाडं बसवणं हेही गरडीच्या वस्तादांचंच काम असतं. तेलाची वाटी घेऊन आले, अप्पांकडे पाहिलं, माझ्याशेजारी बसले आणि माझ्या मनगटापासून वर एकेक इंच दाबत गेले.

"कळतंय?"

"नाही."

"इथे?"

"थोडं."

बराच वेळ ते दाबत होते. मग खालच्या आवाजात विचारलं, "कमान केलीस ना?"

"होय."

"तिथे गादीवर? टेकायचं ठरलेलं असताना?"

"होय, वस्ताद."

त्यांनी माझा हात खाली ठेवला. "माझं ऐकलंस म्हणून मोडलास," म्हणाले. त्यांच्या आवाजात मला अभिमान ऐकू आला की दुसरं काही, ते मी आजही ठरवू शकलेलो नाही. बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते, अप्पांकडे पाहत होते. अप्पा म्हणाले, "हात परत येईल का, एवढं सांगा." वस्ताद म्हणाले, "खांदा येईल. कोपर येईल. बोटांचं मला सांगता येत नाही."

त्यांनी सांगितलं तसंच झालं. खांदा आला, कोपर आलं. अंगठा आणि पहिलं बोट आजतागायत आलेलं नाही. मार्चमधली परीक्षा माझ्याविना झाली.

उन्हाळ्यात एके दुपारी अप्पांनी मला जवळ बोलावलं. बोलायला त्यांना एका शब्दामागे एक श्वास लागायचा.

"परीक्षा?"

"पुढच्या वर्षी देतो."

"हात?"

"डावा आहे ना."

"डाव्याने... येतं?"

"शिकेन."

"सरी," म्हणाले. श्रावणात अप्पा गेले. खांदा द्यायला माझी मान चालत नव्हती. मी पुढे मडकं धरून चाललो, आणि मुलाच्या जागी अण्णाने खांदा दिला. समाजातल्या लोडवाल्या मंडळींपैकी एकाने विचारलं, हा कोण, कुठल्या जातीचा. आई दारातूनच म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा आणि खांदा द्या, मग विचारा." त्यांच्यातलं कुणी पुढे झालं नाही.

डाव्या हाताने लिहिणं म्हणजे पाचव्या वर्षी परत जाणं. अगरबत्तीच्या पुड्यांचे टाकाऊ कागद आई आणायची, त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवायचो. कन्नड अक्षरं गोल, ती आधी जमली. इंग्रजी आडवं चालेना. डावा हात लिहिलेलंच पुसत जायचा. लेखनिक मिळेल का म्हणून विद्यापीठाच्या कचेरीत विचारायला गेलो, तर खिडकीतला माणूस म्हणाला, "आंधळा आहेस?" नाही म्हटलं. "मग नाही." वर्षभर आईच्या अगरबत्त्यांवर घर चाललं. मी तिच्याशेजारी बसून तोंडाने उजळणी करायचो आणि ती मध्येच विचारायची, "हे मघाशी वेगळं म्हणाला होतास ना?" बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं.

पुढच्या मार्चमध्ये मी परीक्षेला बसलो. एकाही पेपरात मला सगळे प्रश्न लिहून झाले नाहीत. घंटा व्हायची तेव्हा शेवटचं उत्तर निम्मं असायचं, आणि माझ्या पुढच्या बाकावरची पोरं कधीच उठून गेलेली असायची. हाताला पेटके यायचे. मान वाकत नव्हती, म्हणून मी उत्तरपत्रिका पुस्तकांवर उंच ठेवून लिहायची परवानगी मागितली. पुस्तकं आत आणता येत नाहीत म्हणाले, तेव्हा शिपायाने एक लाकडी खोकं आणून दिलं. त्या खोक्यावर मी सगळे पेपर लिहिले.

त्यानंतर मी कुस्ती केली नाही, खोटी नाही आणि खरीही नाही. अण्णाही कंपनीत परत गेला नाही.

जूनमध्ये निकाल लागला. मी तिसऱ्या वर्गात पास झालो. आमच्या घराण्यात त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी बी.ए. झालो.